विश्लेषण : दुर्मीळ आजाराच्या रुग्णासाठी ‘आणीबाणीचे पत्र’ का महत्त्वाचे? रुग्णालयात नेहमीचे उपचारही घातक कसे ठरू शकतात?

दुर्मीळ आजारांबाबतची चर्चा बहुतेक वेळा कोट्यवधी रुपयांच्या औषधांभोवती फिरते. पण अशा रुग्णांचा जीव अनेकदा त्याआधीच, अगदी साध्या ठिकाणी धोक्यात येतो. जवळच्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत, रात्री, आजाराचे नावही न ऐकलेल्या डॉक्टरांसमोर. अशा वेळी एका पानाचा कागद खूप काही वाचवू शकतो.

सर्वसाधारण आजारात रुग्ण त्रास सांगतो आणि पुढचे डॉक्टरांना ठाऊक असते. दुर्मीळ आजारात हे उलटे होते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तो आजार पुस्तकात एकदा वाचलेला असतो आणि समोर उभ्या असलेल्या आईने तो दहा वर्षे रोज पाहिलेला असतो. मात्र केसपेपरवर आईचे म्हणणे नव्हे, डॉक्टरांचा आदेश लिहिला जातो. माहिती एकाकडे आणि अधिकार दुसऱ्याकडे, ही दरी भरून काढणे हाच अशा रुग्णाच्या रुग्णालयीन उपचारांतील कळीचा प्रश्न आहे.

दुर्मीळ आजार म्हणजे नेमके काय?

जगभर याची एकच व्याख्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार, दर हजार लोकांमागे एक किंवा त्याहून कमी जणांना होणारा, बहुधा आयुष्यभर राहणारा आणि शरीर दुबळे करणारा आजार दुर्मीळ समजला जातो. अमेरिकेत दोन लाखांपेक्षा कमी रुग्ण असलेला, तर युरोपीय संघात दहा हजारांमागे पाचपेक्षा अधिक रुग्ण नसलेला आजार या गटात येतो. भारताने लोकसंख्येवर आधारित व्याख्या न करता आजारांची यादी करण्याचा मार्ग स्वीकारला आहे.

असे सात हजारांहून अधिक आजार ज्ञात आहेत. त्यातील बहुसंख्य जनुकीय असतात आणि अनेकांची लक्षणे बालपणीच दिसू लागतात. सुमारे ९५ टक्के आजारांवर मान्यताप्राप्त खास औषध नाही. निदान होण्यातच वर्षे जातात. युरोपातील रुग्णसंघटनांच्या महासंघाच्या सर्वेक्षणात हा काळ सरासरी पाच वर्षांच्या आसपास आढळला आहे.

प्रत्येक आजाराचे रुग्ण मोजके असल्याने एखाद्या डॉक्टरला संपूर्ण कारकिर्दीत तसा एकही रुग्ण न भेटणे स्वाभाविक आहे. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरला हजारो आजारांची आणीबाणी पाठ असावी, ही अपेक्षाच व्यवहार्य नाही. त्यामुळे हा प्रश्न डॉक्टरांच्या हलगर्जीपणाचा कमी आणि व्यवस्थेचा अधिक आहे.

नेहमीचे उपचारच घातक कसे ठरतात?

कॅज्युअल्टीतील उपचार बहुसंख्य रुग्णांचा विचार करून ठरलेले असतात. दुर्मीळ आजारात मात्र हेच ठरलेले पाऊल उलटू शकते. काही उदाहरणांवरून ते स्पष्ट होते.

हिमोफिलियामध्ये रक्त गोठवणाऱ्या घटकाची म्हणजे ‘फॅक्टर’ची कमतरता असते. अशा मुलाच्या डोक्याला मार लागला तर नेहमीचा क्रम असतो आधी सीटी स्कॅन, मग उपचार. हिमोफिलियात हा क्रम उलटा ठेवावा लागतो : आधी फॅक्टरचे इंजेक्शन, मग स्कॅन. कारण स्कॅनच्या रांगेत जाणाऱ्या वेळात मेंदूत रक्तस्राव वाढत राहतो. तापासाठी किंवा दुखण्यासाठी दंडावर, कमरेवर दिले जाणारे साधे इंजेक्शनही स्नायूत रक्तस्राव घडवू शकते. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

अॅड्रिनल ग्रंथींच्या काही आजारांत शरीर स्वतःचे कॉर्टिसॉल पुरेसे बनवू शकत नाही. रुग्ण रोज गोळ्या घेऊन ठीक असतो. पण जुलाब-उलट्या सुरू झाल्या की गोळी पोटात राहत नाही आणि नेमकी त्याच वेळी शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते. वरवर हा ‘पोट बिघडल्या’चा प्रकार दिसतो. सलाईन आणि उलटीचे औषध दिले जाते. हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन वेळेत मिळाले नाही तर रक्तदाब व साखर कोसळून रुग्ण दगावू शकतो. हे औषध दुर्मीळ नाही आणि महागही नाही. ते द्यायचे आहे, हे कुणीतरी सांगावे लागते.

यूरिया सायकल डिसऑर्डर या चयापचयाच्या आजारात प्रथिनांपासून तयार होणारा अमोनिया रक्तात साठतो. मूल सुस्त होते, विचित्र वागते, उलट्या करते. अशा वेळी प्रथिने थांबवून शिरेतून ग्लुकोजचे सलाईन सुरू करायचे असते आणि अमोनिया तपासायचा असतो. त्याचा नमुना बर्फात ठेवून लगेच प्रयोगशाळेत पोहोचावा लागतो, अन्यथा आकडा चुकतो. ही तपासणी प्रत्येक रुग्णालयात होत नाही. म्हणून ती जवळपास कुठे होते, याची चौकशी संकट येण्याआधीच करून ठेवावी लागते.

हेरिडिटरी अँजिओएडिमा या आजारात ओठ, चेहरा किंवा घसा अचानक सुजतो. दिसायला ती अॅलर्जीच वाटते. पण अॅलर्जीवरची नेहमीची औषधे, म्हणजे अँटिहिस्टॅमिन, स्टेरॉइड, अॅड्रिनॅलिन, येथे उपयोगी पडत नाहीत. घसा सुजून श्वास कोंडण्याचा धोका असताना चुकीच्या औषधाचा परिणाम होण्याची वाट पाहत बसणे जिवावर बेतू शकते.

अॅक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरियात पोटात असह्य दुखते, पण पोट तपासल्यावर फारसे काही सापडत नाही. अपेंडिक्स समजून शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. बार्बिच्युरेट, फेनिटॉइन आणि सल्फा गटातील काही औषधांनी हा झटका आणखी तीव्र होतो.

मायस्थेनिया ग्रेव्हिसमध्ये स्नायू लवकर थकतात. जेंटामायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिन यांसारखी सर्रास लिहिली जाणारी प्रतिजैविके किंवा शिरेतून दिलेले मॅग्नेशियम यामुळे श्वासाचे स्नायूही दुर्बळ होण्याची भीती असते.

औषधच नव्हे, हाताळणीही महत्त्वाची. एपिडर्मोलिसिस बुलोसा या आजारात त्वचा इतकी नाजूक असते की सलाईनची सुई धरून ठेवणारी चिकटपट्टी काढताना कातडी सोलली जाते. ठिसूळ हाडांच्या आजारात बाळाला पाय धरून उचलले किंवा रक्तदाबाचा पट्टा जोरात आवळला तरी हाड मोडू शकते. सिस्टरांना हे आधी सांगितलेले नसेल, तर त्यांच्या सवयीच्या हालचालीतूनच इजा होते.

‘आणीबाणीचे पत्र’ म्हणजे काय?

वरील बहुतेक उदाहरणांत उपाय अवघड नाही. अवघड आहे ते पहिल्या तासात योग्य माहिती योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचणे. त्यासाठी नियमित उपचार करणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरांनी स्वतःच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, अनोळखी डॉक्टरांना उद्देशून लिहिलेले एक पानाचे पत्र म्हणजे आणीबाणीचे पत्र.

ब्रिटनमध्ये २०२० पासून स्टेरॉइडवर अवलंबून असलेल्या प्रौढ रुग्णांना ‘स्टेरॉइड इमर्जन्सी कार्ड’ दिले जाते. फ्रान्समध्ये १९९७ मध्ये सुरू झालेले ‘ऑर्फानेट’ हे संकेतस्थळ अनेक दुर्मीळ आजारांसाठी आणीबाणीच्या मार्गदर्शक सूचना विनामूल्य उपलब्ध करून देते. भारतात काही तज्ज्ञ आणि रुग्णसंघटना अशी पत्रे किंवा कार्डे देतात. पण प्रत्येक रुग्णाच्या हाती ते असेलच असे नाही. पत्र मिळाले नसेल तर पुढच्या भेटीत ते मागून घेता येते.

फाइल असताना वेगळे पत्र कशाला, असा प्रश्न पडू शकतो. दहा वर्षांच्या आजाराची फाइल जाडजूड असते. रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरसमोर आणखी आठ रुग्ण असताना ती वाचून होत नाही. एक पान वाचून होते. शिवाय ‘आम्हाला असे सांगितले आहे’ हे नातेवाइकांचे म्हणणे आणि ‘हे इंजेक्शन तत्काळ द्यावे’ हे तज्ज्ञाचे लेखी मत, या दोन्हींना रुग्णालयात सारखे वजन नसते.

पत्रात काय असावे?

पहिल्या दोन ओळींत आजाराचे पूर्ण नाव आणि त्यात शरीरात काय बिघडते, हे असावे. त्यानंतर पुढील मुद्दे असावेत.

• धोक्याची लक्षणे : कोणते लक्षण दिसल्यास वाट न पाहता उपचार सुरू करावेत.

• पहिल्या तासातील उपचार : औषधाचे नाव, वजनानुसार मात्रा, देण्याचा मार्ग आणि क्रम. तपासणीचा अहवाल येण्याआधी उपचार सुरू करायचे असतील तर तसे ठळक अक्षरांत.

• काय करू नये : टाळायची औषधे, इंजेक्शनचा प्रकार, उपाशी ठेवण्याची मर्यादा, हाताळणीतील खबरदारी.

• तपासण्या : कोणत्या, किती वेळाने आणि नमुना कसा पाठवायचा.

• सध्याची औषधे, रक्तगट, वजन आणि पत्राची तारीख.

• संपर्क : उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा व त्यांच्या विभागाचा दूरध्वनी, तसेच पर्यायी डॉक्टरांचा क्रमांक.

पत्र इंग्रजीत असणे सोयीचे, कारण ते कोणत्याही राज्यातील डॉक्टर वाचू शकतात. मात्र त्याचा मराठी मथितार्थ घरातील प्रत्येकाला माहीत हवा. आई-वडील घरी नसताना मुलाला आजी किंवा शिक्षक रुग्णालयात नेऊ शकतात. एक प्रत शाळेत, एक नेहमीच्या पिशवीत आणि एक छायाचित्र कुटुंबातील सर्वांच्या मोबाइलमध्ये असावे. वाढत्या वयाच्या मुलांचे वजन बदलते, तशी औषधाची मात्राही बदलते. त्यामुळे जुने पत्र दिशाभूल करू शकते. ते वरचेवर नवे करून घ्यावे.

काही आजारांत औषधच सोबत ठेवणे श्रेयस्कर असते. फॅक्टर, हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन किंवा विशेष दूध-पावडर रात्री औषधांच्या दुकानात मिळेलच याची खात्री नसते. रुग्णालयात दाखल झाल्यावर अशी औषधे परस्पर न देता ड्युटीवरील डॉक्टर आणि सिस्टर यांना दाखवून केसपेपरवर नोंदवून घ्यावीत. दोनदा मात्रा जाण्याचा धोका त्याने टळतो.

ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत काय पाहावे?

आणीबाणी नसतानाही धोका असतो. दात काढणे, हर्निया, टॉन्सिल यांसारख्या ‘छोट्या’ शस्त्रक्रियांत तो अधिक दुर्लक्षिला जातो.

शस्त्रक्रियेआधी रात्रीपासून उपाशी राहण्याची सूचना सगळ्यांनाच दिली जाते. ग्लायकोजेन साठवणुकीच्या पहिल्या प्रकारच्या आजारात मात्र काही तासांच्या उपवासानेही साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते. अशा रुग्णाला उपवास सुरू होतानाच ग्लुकोजचे सलाईन लावावे लागते आणि शस्त्रक्रियेच्या यादीत पहिला क्रमांक द्यावा लागतो. त्यांच्या रक्तात लॅक्टेट आधीच वाढलेले असल्याने एरवी सर्रास वापरले जाणारे रिंगर लॅक्टेट टाळावे लागते.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीमध्ये भूल देताना वापरले जाणारे सक्सिनिलकोलीन हे औषध रक्तातील पोटॅशियम एकदम वाढवून हृदय बंद पाडू शकते. म्युकोपॉलिसॅकरायडोसिसच्या रुग्णांत मान आणि श्वासमार्गाच्या रचनेमुळे भूल देताना नळी घालणे कठीण जाते. म्हणून शल्यचिकित्सकाइतकीच भूलतज्ज्ञाची भेट महत्त्वाची. ती शस्त्रक्रियेच्या दिवशी टेबलावर नव्हे, काही दिवस आधी व्हायला हवी. ज्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग आहे, तेथेच अशी शस्त्रक्रिया करणे सुरक्षित असते.

रुग्णालयाशी बोलावे कसे?

‘इंटरनेटवर वाचून आलात का?’ हा प्रश्न दुर्मीळ आजाराच्या रुग्णांच्या नातेवाइकांना नवा नाही. घाबरलेल्या कुटुंबाचा आवाज चढतो, डॉक्टर बचावात्मक होतात आणि मौल्यवान वेळ वादात जातो. त्यामुळे पहिले वाक्य आजाराचे नाव आणि धोका सांगणारे असावे, दुसऱ्या वाक्यासोबत पत्र पुढे करावे आणि तिसरी विनंती ‘आमच्या तज्ज्ञांशी फोनवर बोलाल का?’ ही असावी. २०२० मध्ये जारी झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरचा दूरस्थ सल्ला घेणे मान्य आहे. त्यामुळे या विनंतीत वावगे काही नाही.

पाळी बदलली की माहिती पुन्हा सांगावी लागते, हे गृहीत धरावे. सकाळच्या डॉक्टरांना सांगितलेले रात्रीच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचेलच असे नाही. ‘काय करू नये’ ही यादी केसपेपरच्या पहिल्या पानावर लिहून घेणे आणि खाटेजवळ लावण्याची विनंती करणे, हा साधा पण परिणामकारक उपाय ठरतो.

कायद्याचे पाठबळही आहे. तातडीचे उपचार करून जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले. वैद्यकीय नीतिनियमांनुसार, मागणी केल्यापासून ७२ तासांत रुग्णाला वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती करून रुग्ण हक्क सनदेचा समावेश करण्यात आला. दुर्मीळ आजाराच्या रुग्णासाठी प्रत्येक डिस्चार्ज कार्ड, तपासणी अहवाल आणि जनुकीय चाचणीचा कागद पुढच्या रुग्णालयात पुरावा ठरतो. त्यामुळे नोंदी मागून घेण्यात संकोच करू नये.

सरकारी मदत कुठे आणि कशी मिळते?

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरण मंजूर केले. त्यात आजारांचे तीन गट आहेत. पहिल्या गटात अस्थिमज्जा किंवा अवयव प्रत्यारोपणासारख्या एकदाच केलेल्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार येतात. दुसऱ्या गटात दीर्घकाळ पण तुलनेने कमी खर्चाचे उपचार लागणारे आणि तिसऱ्या गटात औषध उपलब्ध असूनही अत्यंत महाग व आयुष्यभर घ्यावे लागणारे आजार आहेत. सुरुवातीला मर्यादित असलेली मदत २०२२ मध्ये वाढवून तिन्ही गटांसाठी प्रतिरुग्ण कमाल ५० लाख रुपये करण्यात आली. यादीतील आजारांची संख्या आता साठहून अधिक आहे.

ही मदत रुग्णाच्या खात्यात जमा होत नाही. ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ म्हणून नेमलेल्या रुग्णालयामार्फत ती उपचारांवर खर्च होते. सुरुवातीला देशात अशी आठ केंद्रे होती, नंतर त्यात भर पडली. महाराष्ट्रात मुंबईतील परळचे केईएम रुग्णालय हे असे केंद्र आहे. निदान झालेल्या रुग्णाने तेथे नोंदणी करणे ही पहिली पायरी. गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातील कुटुंबासाठी परळ गाठणे सोपे नाही. तरीही नोंदणीचा उपयोग केवळ निधीपुरता नसतो. आणीबाणीचे पत्र देऊ शकणारे आणि स्थानिक डॉक्टरला फोनवर सल्ला देऊ शकणारे तज्ज्ञ तेथे भेटू शकतात.

इतरही आधार आहेत. धोरणातील यादीत असलेल्या आजारांसाठी वैयक्तिक वापराकरिता आयात केलेल्या औषधांवर आणि विशेष वैद्यकीय आहारावर १ एप्रिल २०२३ पासून मूळ सीमाशुल्क माफ आहे. त्यासाठी आरोग्य सेवा संचालक किंवा जिल्हा शल्यचिकित्सक यांसारख्या अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी यांचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत आहे. निकषांत बसल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घेता येते.

औषधांच्या किमतीही स्थिर नाहीत. टायरोसिनेमिया प्रकार १ वरील निटिसिनोन हे औषध भारतीय कंपन्यांनी बनवायला सुरुवात केल्यावर, वर्षाला सुमारे २ कोटी २० लाख रुपयांचा खर्च अडीच लाखांवर आल्याचे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले. पूर्वी ‘परवडणार नाही’ म्हणून सोडून दिलेल्या उपचारांची चौकशी म्हणूनच पुन्हा करायला हवी.

मूल अठरा वर्षांचे झाल्यावर काय?

उपचार सुधारल्यामुळे पूर्वी बालपणीच दगावणारी मुले आता तरुण होत आहेत. मात्र बहुतेक दुर्मीळ आजारांचे तज्ज्ञ बालरोग विभागात असतात. वय वाढल्यावर रुग्ण मोठ्यांच्या विभागात जातो आणि तेथे त्याचा आजार पुन्हा अनोळखी ठरतो. आजवर सगळे आई-वडिलांनीच सांभाळलेले असल्याने अनेक तरुणांना स्वतःच्या औषधांची मात्राही ठाऊक नसते. त्यामुळे किशोरवयापासूनच डॉक्टरांशी स्वतः बोलणे, पत्र स्वतः बाळगणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे मुलांना शिकवावे, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. बालरोगतज्ज्ञाने नव्या डॉक्टरांकडे रीतसर सारांशासह रुग्ण सोपवणेही तितकेच आवश्यक आहे.

धोरणात काय उणे आहे?

सध्याच्या व्यवस्थेचा भर मोजक्या मोठ्या केंद्रांवर आणि औषधांच्या खर्चावर आहे. ५० लाखांची मर्यादा वजनानुसार मात्रा वाढणाऱ्या, आयुष्यभराच्या औषधांना अपुरी पडते आणि त्यावरून रुग्णांना न्यायालयाची पायरी चढावी लागली आहे. पण दुसरी उणीव पैशाची नाही. आणीबाणी परळमध्ये येत नाही. ती गावात, प्रवासात, शाळेत येते आणि रुग्ण आधी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात पोहोचतो.

मोठ्या केंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती आणीबाणीचे पत्र देणे, त्याची नोंद जिल्हा रुग्णालयाकडे पाठवणे आणि स्थानिक डॉक्टरांना रात्रीही सल्ला मिळेल असा दूरध्वनी क्रमांक चालवणे, यासाठी कोट्यवधींचे औषध लागत नाही. तोवर ही जबाबदारी कुटुंबांवरच आहे. हिमोफिलिया फेडरेशनसारख्या रुग्णसंघटना त्यात मदत करतात. कोणत्या रुग्णालयात फॅक्टर आहे, कोणत्या डॉक्टरांना आजार माहीत आहे, ही माहिती अनेकदा त्यांच्याकडेच सर्वांत आधी मिळते. निदान झाल्यावर औषधाइतक्याच तातडीने दोन गोष्टी मिळवाव्यात : तज्ज्ञाच्या सहीचे एक पान आणि तोच आजार असलेल्या दुसऱ्या कुटुंबाचा संपर्क.